शिफ्टची रिक्षा की हप्त्याची?

जानेवारी 2023. कात्रज-कोंढवा रस्त्यावरच्या पंपावर गॅसच्या रांगेत पन्नास मिनिटं काढून एकदाचा माझा नंबर लागला. पोरगा नळी घेऊन आला, वाकला आणि तसाच उभा राहिला. गॅस भरायच्या तोंडाजवळ पत्र्याची एक छोटी पट्टी असते, तिच्यावर सिलिंडरच्या टेस्टिंगची तारीख कोरलेली असते. त्यानं अंगठ्यानं त्या पट्टीवरची धूळ पुसली आणि म्हणाला, "दादा, टेस्ट संपलीये. गॅस नाही देता येणार."

रिक्षा माझी नव्हती. कात्रजला राहणाऱ्या एका काकांची होती, मी ती शिफ्टनं चालवत होतो. सीएनजी सिलिंडरची दर तीन वर्षांनी टेस्टिंग करावी लागते हे मला माहीत होतं, पण ती तारीख कधी येते हे मी कधी बघितलं नव्हतं. मालकाची गाडी, मालकाची कागदपत्रं, आपण सकाळी किल्ली घ्यायची आणि संध्याकाळी पैसे द्यायचे, असंच डोक्यात बसलेलं. छोट्या टाकीत थोडं पेट्रोल होतं, त्यावर रिक्षा काकांच्या दारात नेऊन लावली. टेस्टिंगला तीन दिवस गेले. काकांनी त्या तीन दिवसांची शिफ्ट घेतली नाही, माणूस चांगला होता. पण माझी तीन दिवसांची कमाई गेली ती गेलीच.

त्या रात्री मुलीनं मोबाइलवर एमपरिवहन ॲपमध्ये रिक्षाचा नंबर टाकून बघितला. विमा चालू होता, पण पासिंग, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवायला ठीक आहे हा आरटीओचा दाखला, संपून दोन महिने झाले होते. म्हणजे दोन महिने मी रोज लोकांना मागं बसवून पासिंग नसलेली गाडी चालवत होतो. अपघात झाला असता तर विमा कंपनीला हात वर करायला जागा होती, आणि पोलिसांच्या कागदावर चालक म्हणून नाव माझं आलं असतं. मला झोप लागली नाही. स्वतःची रिक्षा घ्यायची का, हा विचार खऱ्या अर्थानं त्या रात्री सुरू झाला.

थोडं मागचं सांगतो. 2020च्या लॉकडाउनमध्ये भोसरीच्या वर्कशॉपमधली नोकरी गेली. वर्षभर मिळेल ते काम केलं, मग बॅज, म्हणजे प्रवासी रिक्षा चालवायचा आरटीओचा बिल्ला, काढला आणि ऑक्टोबर 2021पासून शिफ्टनं रिक्षा चालवायला लागलो. सकाळी 6 ते संध्याकाळी 5 गाडी माझ्याकडे, त्यानंतर रात्रीवाल्याकडे. शिफ्टचे 300 रुपये, आणि परत देताना टाकी फुल करून द्यायची. 1 सप्टेंबर 2022ला पुण्यातलं भाडं वाढलं, पहिल्या दीड किलोमीटरला 25 रुपये आणि पुढच्या प्रत्येक किलोमीटरला 17 रुपये झालं, तेव्हा ऑक्टोबरपासून काकांनी शिफ्ट 350 केली. ते रास्तच होतं.

शिफ्टच्या गाडीचा त्रास पैशांपेक्षा वेगळाच असतो. मी धनकवडीला राहतो. पहाटे पाच-सव्वापाचला उठून काकांच्या घरापर्यंत चालत जायचं. स्वारगेटला पहाटेच्या एसटीनं उतरणारे पॅसेंजर ही रिक्षावाल्याची सगळ्यात चांगली बोहनी. सामान असतं, लांब जायचं असतं, रस्ते मोकळे असतात. माझ्या हातात किल्ली येईपर्यंत ते पॅसेंजर निघून गेलेले असायचे. रात्रीवाल्यानं क्लच ओढत चालवलेला असायचा, आरसा वाकलेला असायचा. नवा ओरखडा दिसला की तो माझा की त्याचा, यावरून सकाळीच तोंड कडू. दुपारी घरी जाऊन दोन तास पाठ टेकावी म्हटलं तर 350 रुपयांचं मीटर डोक्यात चालू असायचं.

तरीही शिफ्टची एक बाजू मी कधी विसरणार नाही. ऑगस्ट-सप्टेंबर 2022मध्ये मला डेंग्यू झाला. अकरा दिवस अंथरुणात आणि त्यानंतर आठवडाभर हँडल धरवेना इतका अशक्तपणा. त्या महिन्यात मी जेमतेम बारा दिवस रिक्षा चालवली आणि काकांना बारा दिवसांचेच पैसे दिले. 28 नोव्हेंबरला बाइक टॅक्सीच्या विरोधात पुण्यात रिक्षा बंद होत्या, त्या दिवशीही शिफ्ट नाही. गाडी चालली तर पैसे, नाही चालली तर नाही. हप्त्याच्या गाडीला हे कळत नाही. म्हणून स्टँडवर कुणी म्हणालं, "अरे, भाडं भरून मालकाचं घर भरतोस, त्यापेक्षा हप्ता भर," की मला ते अर्धंच खरं वाटायचं.

फेब्रुवारीत वही घेऊन बसलो. पहिल्या दिवसापासून मी रोजची कमाई, गॅस, शिफ्ट आणि चहापाणी असं सगळं लिहून ठेवतो. महिन्याला सरासरी 26 दिवस धरले तर शिफ्टचे 9,100 रुपये होत होते.

नव्या रिक्षाची चौकशी करायला शोरूमला गेलो. सीएनजी रिक्षा, कर, विमा, मीटर, परमिटचा खर्च सगळं धरून 2,74,000 रुपयांचा आकडा निघाला. आपले 74,000 भरायचे आणि दोन लाखांचं कर्ज. शोरूममध्येच फायनान्सवाला बसलेला असतो. त्यानं पाच मिनिटांत कागदावर लिहून दिलं: व्याज 11 टक्के, मुदत 36 महिने, हप्ता 7,389. वर म्हणाला, "आधार, पॅन आणि दोन जामीनदार द्या, आठवड्यात गाडी दारात."

11 टक्के ऐकून मला बरं वाटलं होतं. घरी मुलीनं (ती तेव्हा बारावी कॉमर्सला होती) हप्त्याला 36नं गुणलं. 2,66,004. म्हणजे दोन लाखांवर 66,000 व्याज. ती म्हणाली, "पप्पा, हे 11 टक्के नाहीत." त्या रात्री मी जे शिकलो ते प्रत्येक रिक्षावाल्याला कळावं असं मला मनापासून वाटतं, म्हणून सविस्तर सांगतो.

फायनान्सवाला सांगतो तो फ्लॅट रेट. तो दोन लाखांवर वर्षाला 11 टक्के म्हणजे 22,000 धरतो, तीन वर्षांचे 66,000 करतो, मुद्दलात मिळवतो आणि 36नं भागतो. पण आपण तर पहिल्या महिन्यापासून मुद्दल फेडत असतो. दुसरं वर्ष लागतं तेव्हा दोन लाखांपैकी बरीचशी रक्कम परत गेलेली असते, तिसऱ्या वर्षात थोडीच उरलेली असते, तरी व्याज मात्र शेवटच्या महिन्यापर्यंत पूर्ण दोन लाखांवर. बँक लावते ते व्याज उरलेल्या मुद्दलावर. त्याला रिड्यूसिंग म्हणतात. तेच कर्ज 11 टक्के रिड्यूसिंगनं घेतलं तर हप्ता येतो 6,548 आणि एकूण व्याज साधारण 35,700. दोन्हीकडे आकडा 11चाच, फरक तीस हजारांचा. मुलीनं मोबाइलवरच्या हप्त्याच्या कॅल्क्युलेटरमध्ये उलटं शोधलं: 7,389 हप्ता कुठल्या दराला येतो? दर वाढवत वाढवत ती साडेएकोणीस टक्क्यांवर जाऊन थांबली. आम्ही दोघं त्या आकड्याकडे बघत राहिलो.

आता ऑक्टोबर 2024पासून रिझर्व्ह बँकेनं नियम केला आहे की असं कर्ज देताना बँकेनं आणि फायनान्स कंपनीनंही एक पत्रक द्यायचं, त्यात सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर लिहायचा आणि ते कर्जदाराला समजेल त्या भाषेत असायला हवं. माझ्या वेळी ते नव्हतं. तुम्ही आज घेत असाल तर हट्टानं मागा, आणि मराठीतून मागा.

मधल्या काळात तिसरा एक रस्ता समोर आला. वाकडकडची एक कंपनी इलेक्ट्रिक रिक्षा लीजवर देत होती. दहा हजार डिपॉझिट आणि रोजचे 550 रुपये. विमा, दुरुस्ती आणि त्यांच्या स्टेशनवरचं चार्जिंग त्यातच. 36 महिने भाडं भरलं की थोडी रक्कम देऊन गाडी आपल्या नावावर. इलेक्ट्रिकला परमिट लागत नाही, केंद्र सरकारनं 2018मध्येच बॅटरीच्या गाड्यांना परमिटमधून सूट दिली आहे.

मी ही गोष्ट झटकून टाकली नाही. हिशेब तिच्या बाजूनं होता. माझा रोजचा फेरा 110 ते 120 किलोमीटरचा, तेव्हा गॅस किलोला नव्वदीच्या आसपास, म्हणजे दिवसाला तीनशेच्या वर गॅस. शिफ्टचे 350 आणि गॅसचे 310 धरले तर 26 दिवसांचे 17,160 होतात. लीजचे रोजचे 550 म्हणजे तीस दिवसांचे 16,500. गॅसच्या रांगेत जाणारा तासही वाचणार. गाडी चालवून बघितली तेव्हा आवाज नाही, गिअर नाही, संध्याकाळी हात दुखणार नाहीत असं लगेच वाटलं.

करार इंग्रजीत होता. मी म्हटलं, घरी नेऊन वाचतो. तिथला माणूस म्हणाला, "सगळे इथंच सही करतात." तरी मी नेलाच. मुलीनं दोन संध्याकाळी बसून एकेक कलम मराठीत सांगितलं. भाडं तीसही दिवसांचं, गाडी चालो न चालो. सलग तीन दिवस भाडं थकलं तर कंपनी गाडी दुरूनच बंद करणार. त्यांच्या ॲपवर दिवसाचे ठरावीक तास लॉगिन राहिलंच पाहिजे. मुदतीआधी गाडी परत केली तर डिपॉझिट बुडालं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बॅटरीची वॉरंटी तीन वर्षांची. गाडी माझ्या नावावर होणार त्याच महिन्यात तिच्यातल्या सर्वांत महाग वस्तूची हमी संपणार.

मला डेंग्यूचे अकरा दिवस आठवले. त्या लीजमध्ये ते अकरा दिवस आले असते तर चौथ्या दिवशी गाडी बंद. शिफ्टमध्ये भाडं भरतो पण गाडी आपली होत नाही, हप्त्यात जोखीम आपली पण गाडीही आपली. या करारात भाडेकरूची हतबलता आणि मालकाची जोखीम दोन्ही एकाच माणसाच्या गळ्यात होती, आणि तो माणूस मी होतो. शिवाय आमच्या वाड्यात चार्जिंगला जागा नाही, रात्री रिक्षा रस्त्यावर उभी राहते. आमच्या स्टँडवरच्या एकानं ती घेतली. त्याच्या घराजवळच चार्जिंग आहे आणि तो खूश आहे. त्याला ती जमली, मला जमली नसती.

मग उरले दोन पर्याय. बँकेचा हप्ता मिळाला तर 6,548. विम्याचे वर्षाला 9,000, म्हणजे महिन्याला 750. ऑइल, टायर, क्लच, ब्रेक यांना महिन्याला 1,500. पासिंग, मीटर, टेस्टिंग यांसाठी 300 बाजूला. बेरीज 9,098. शिफ्ट 9,100. मी ती बेरीज तीनदा केली. दोन रुपयांचा फरक! दीड महिना ज्या आकड्याच्या मागं लागलो होतो त्यानं काहीच सांगितलं नाही. स्वतःची गाडी घेतली तर तीन वर्षांनी हप्ता संपणार आणि गाडी राहणार, हे एका पारड्यात. 74,000 आज घालायचे आणि आजारपण, बंद, पाऊस यांतली प्रत्येक सुट्टी अंगावर घ्यायची, हे दुसऱ्या पारड्यात.

बायकोला बेरीज दाखवली. तिनं वही बघितलीच नाही. म्हणाली, "अहो, मागच्या वर्षीसारखे पडलात तर हप्ता कोण भरणार?" मी म्हटलं, बघू. ती म्हणाली, "बघू नाही. आधी तीन हप्ते वेगळे ठेवा, मग गाडी घ्या." आमचा निर्णय खरं तर या वाक्यानं झाला. तीन हप्ते म्हणजे 19,644. ते जमायला पुढचे तीन महिने लागले आणि ते पैसे वेगळ्या खात्यात टाकले. त्या खात्याचं एटीएम कार्ड तिच्याकडे असतं. भिशीचे 40,000 एप्रिलमध्ये आले, माझ्याकडचे 18,000, आणि 16,000 मेहुण्यानं बिनव्याजी दिले. असे 74,000 उभे राहिले.

बँकेचं कर्ज मिळवणं मात्र सोपं गेलं नाही. छोट्या धंद्यांना कर्ज देणाऱ्या केंद्र सरकारच्या मुद्रा योजनेत किशोर गटात 50 हजार ते पाच लाखांपर्यंत कर्ज मिळतं, तारण लागत नाही, हे मला रिक्षा पंचायतीतल्या, म्हणजे रिक्षावाल्यांच्या संघटनेतल्या, एका जुन्या माणसानं सांगितलं होतं. पहिल्या शाखेत खिडकीवरूनच परत पाठवलं, "रिक्षाला देत नाही आम्ही." दुसऱ्या शाखेतल्या अधिकारी मॅडमनी बसायला सांगितलं आणि विचारलं, "उत्पन्नाचा पुरावा काय?"

शिफ्टवाल्याकडे कसला पुरावा? परमिट मालकाचं, गाडी मालकाची. मी माझी वही पुढं ठेवली. त्यांनी चार-पाच पानं उलटली आणि म्हणाल्या, "ही चांगलीये, पण मला खातं दाखवा." तिथं नशिबानं नाही, सवयीनं साथ दिली. माझ्या रिक्षात क्यूआर कोडचं स्टिकर पहिल्यापासून होतं. कॉलेजची मुलं, आयटीवाले, आजकाल भाजीवाल्या मावशीसुद्धा स्कॅन करतात. वर्षभर महिन्याला चौदा ते सोळा हजार रुपये वीस-तीस-पन्नासच्या नोंदींनी खात्यात आलेले होते. पानंच्या पानं. मॅडमनी त्या नोंदींवरून बोट फिरवलं आणि कागदपत्रांची यादी लिहून दिली. जे फक्त रोख घेतात त्यांना मी तेव्हापासून सांगतो, स्टिकर लावा.

यादीत उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद, होती. बाहेरच्या एजंटनं तिचे 1,500 मागितले. ती सरकारी वेबसाइटवर फुकट होते. आधार आणि पॅन घेऊन मुलीनं घरी बसून वीस मिनिटांत केली. परमिटचं मात्र मी स्वतः उभं राहून केलं. 2017मध्ये सरकारनं रिक्षा परमिटवरची संख्येची मर्यादा उठवली, म्हणून माझ्यासारख्याला मिळालं. त्याआधी परमिटसाठी माणसं वर्षानुवर्षं थांबायची. बॅज, लायसन्स, रहिवासी दाखला, पोलिसांचा चारित्र्याचा दाखला, कुठं नोकरीला नाही असं प्रतिज्ञापत्र. आरटीओच्या तीन चकरा झाल्या आणि इरादापत्र, म्हणजे परमिट देणार असं आरटीओचं पत्र, हातात आलं. परमिट खुलं झाल्यानं रस्त्यावर रिक्षा वाढल्या आणि प्रत्येकाचा धंदा थोडा कमी झाला, ही जुन्या रिक्षावाल्यांची तक्रार खरी आहे. मी त्या वाढलेल्या रिक्षांपैकीच एक आहे, हेही खरं.

मेच्या शेवटच्या दिवशी काकांना किल्ली परत द्यायला गेलो. जाण्याआधी वहीची बेरीज केली होती. 300नं 282 दिवस, 350नं 199 दिवस. एकूण 1,54,250 रुपये मी शिफ्टचे दिले होते. हा आकडा मनात घेऊन गेलो खरा, पण काकांनी चहा टाकायला सांगितला, नवी रिक्षा कुठली, कर्ज कुणाचं, सगळं विचारलं, आणि म्हणाले, "पहिल्या सर्व्हिसिंगपर्यंत ताणू नकोस. आणि दुसऱ्याच्या हातात देऊ नकोस लगेच, मी देऊन बघितलंय." त्या आकड्याचा राग धरावा असं मला वाटलं नाही. हातात काही नव्हतं तेव्हा त्या माणसानं मला गाडी दिली होती.

जूनमध्ये रिक्षा आली. आरसीवर माझं नाव, खाली बँकेचा बोजा. पहिल्याच आठवड्यात पहाटे पाचला स्वारगेटला उभा राहिलो आणि सोलापूरच्या गाडीनं उतरलेलं एक कुटुंब चार पिशव्यांसह बावधनला सोडलं. दुपारी 12 ते 3 घरी जेवतो, झोपतो, मग संध्याकाळची फेरी.

2024च्या पावसाळ्यात पाठ धरली आणि नऊ दिवस गाडी उभी राहिली. त्या महिन्याचा हप्ता बायकोच्या कार्डावरच्या खात्यातून गेला. पुढच्या दोन महिन्यांत ते पैसे आम्ही परत भरले, तिनं भरून घेतले. बेरजेत 1,500 धरलेली दुरुस्ती पहिल्या वर्षी निम्मीही लागली नाही, आता हळूहळू लागते आहे. फेब्रुवारी 2025पर्यंत वीस हप्ते गेले, सोळा राहिले.

नवी गाडी आणली त्या दिवशी मी गॅसच्या तोंडाजवळची पट्टी आधी बघितली. तारीख वाचली आणि स्टिकरच्या कागदावर पेननं लिहून डॅशबोर्डच्या आतल्या बाजूला चिकटवली: सिलिंडर टेस्टिंग, जून 2026. खाली विम्याची, त्याखाली पासिंगची तारीख. नंतर लक्षात आलं, शेवटचा हप्ताही जून 2026चाच आहे. तो त्याच कागदावर मुलीनं तिच्या अक्षरात लिहिला.